शाळा सुटल्यावर

पोराला शाळेत घातलं की आपलं काम झालं, असं आपण म्हणतो. गुरुजी वाचायला शिकवतात, हिशेब शिकवतात. पण एका गुरुजींपुढे वर्गभर पोरं. कोणाच्या मनात काय आहे, हे विचारायला त्यांना सवड कुठली? विचारणारं माणूस पोराला शाळेबाहेरही भेटावं लागतं.

एक खरी हकीगत सांगतो. शंभराहून जास्त वर्षांमागची आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा वाचत बसे. घरी एकच खोली. तिथेच चूल, तिथेच माणसं. वाचायचं कुठे? त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते, पुस्तकंही लिहीत. मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हे. तो एल्फिन्स्टन हायस्कुलात जाई. तरी त्यांनी त्याची विचारपूस केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

भीमरावांची जात तेव्हा अस्पृश्य मानत. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. अशा मुलाशी एक शिकलेला माणूस आपुलकीने बोलतो, याचा केवढा आधार!

भीमराव परीक्षा पास झाले, तेव्हा लोकांनी सभा भरवून कौतुक केलं. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वडील रामजी बाबा मोठे जिद्दीचे. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणून गहाण टाकत. पण पुढे कॉलेजचा खर्च त्यांना पेलेना. तेव्हा केळुसकर भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने भीमराव अमेरिकेत शिकायला गेले.

हुशारी भीमरावांची, कष्टही त्यांचेच. पण कोणाकडे जायचं, हे पोराला कसं कळणार? ते केळुसकरांना ठाऊक होतं.

आपल्या गावात केळुसकर कुठून आणायचे, असं कोणी म्हणेल. जरा आजूबाजूला बघू या. आरोग्य केंद्रात नर्सबाई आहेत. पोस्टमन आहे, मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. गावातली एखादी मुलगी कॉलेजात गेली असेल, ती सुट्टीत घरी येतेच. जे काम पोरीने कधी जवळून पाहिलं नाही, ते करायचं ती मनात आणणार कशी? म्हणून नर्सबाईंना विचारावं, "बाई, आमच्या पोरीशी तासभर बोलाल का?" किती शिकावं लागलं, खर्च कुठून आला, फॉर्म कुठे मिळाला, हे पोरीलाच विचारू द्यावं. आपण मध्ये बोलू नये! एका भेटीत काही होत नाही. जाणं-येणं ठेवावं लागतं.

आपण आत्ता वाचायला शिकतो आहोत, याची लाज नको. रात्री पोराशेजारी पुस्तक घेऊन बसावं. शब्द अडला तर त्यालाच विचारावा. सांगताना त्याचीही उजळणी होते.

गावात कोणी संध्याकाळी पोरांना जमवून शिकवत असेल, तर मुलींना घरी पोचवायला कोण जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरवावं. नाहीतर चार दिवसांत मुली यायच्या बंद होतात.