नोट गिळणारे यंत्र आणि पावसाळ्याची बेगमी

कोकणातल्या घरात मे महिना म्हणजे बेगमीचा महिना. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी डब्यात जाते, तांदूळ, कुळीथ, मीठ-मिरची भरून ठेवली जाते. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. चिऱ्याच्या खाणी पावसात थांबतात. मालवण, तारकर्ली, देवबागकडच्या हॉटेलांतले काम आटते. या दिवसांसाठी घरातली आई जे चार पैसे बाजूला ठेवते, त्यातूनच मुलांची वह्या-पुस्तके येतात आणि आजारपणही निघते. हा घामाचा पैसा आहे.

याच पैशावर आता नव्या लोकांची नजर आहे. मोबाईलवर जाहिरात येते, ओळखीचा कोणी कानात सांगतो : "रोख द्या, बिटकॉइन घ्या. बँक नको, कागद नको, नाव सांगायची गरज नाही." बोटीवर असलेला मुलगा फोनवर सांगतो की परदेशात यासाठी एटीएमसारखी यंत्रे आहेत, नोटा टाकल्या की काम झाले. आणि शेवटी हळूच म्हणतो, "आये, ह्या कोणाक सांगू नको."

हे यंत्र काय आहे? त्यात पैसा खरोखर गुप्त राहतो का? आणि गुप्त राहिला तर फायदा कोणाचा? माता-भगिनींनो आणि बांधवांनो, हे तीन प्रश्न आपल्या घरात, वाडीत आणि विहारात बोलले गेले पाहिजेत.

यंत्र कसे चालते?

बिटकॉइन म्हणजे हातात धरायचे नाणे नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी त्याची योजना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच खातेवही ठेवलेली असते. कोणाकडून कोणाकडे किती गेले, याची नोंद तीत होते. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, तो मालक. किल्ली हरवली तर पैसा गेला. अर्ज घेऊन जावे असा शाखाधिकारी तिथे नाही.

त्याचे यंत्र दिसते एटीएमसारखे, पण चालते उलटे. आपल्या एटीएममधून नोटा बाहेर येतात, याच्यात नोटा आत जातात. फोनवरचा चौकटीचा क्यूआर कोड दाखवायचा, नोटा सारायच्या, आणि तेवढ्या किमतीचे नाणे फोनवरच्या पाकिटात जमा होते. लोकांसाठी असे यंत्र ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरातल्या एका कॉफीच्या दुकानात बसले. आज सर्वाधिक यंत्रे अमेरिकेत आहेत.

बंगळुरूचा धडा

आपल्या देशातही हा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये युनोकॉइन या कंपनीने बंगळुरूच्या केम्प फोर्ट मॉलमध्ये असे यंत्र बसविले. त्याआधी ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा नाण्यांच्या धंद्याला सेवा देण्यास मनाई केली होती. बँकेचा रस्ता बंद झाला म्हणून रोखीचा रस्ता काढला गेला. पण यंत्र बसल्यावर थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते जप्त केले आणि कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक केली. यंत्राला आवश्यक ती परवानगी नाही, असे पोलिसांचे म्हणणे होते.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द केले. म्हणजे आज अशी नाणी विकत घेणे हा गुन्हा नाही. पण ती सरकारमान्य चलनही नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर अधिभार. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून असा धंदा करणाऱ्यांना काळ्या पैशाविरुद्धचा कायदा लागू झाला. त्यांना सरकारी वित्तीय गुप्तचर विभागाकडे नोंद करावी लागते आणि ग्राहकाचे ओळखपत्र तपासावे लागते.

बंगळुरूच्या यंत्राबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. ते वापरण्यासाठी आधी कंपनीत खाते हवे होते. म्हणजे "नाव नको" ही गोष्ट तिथेही नव्हती.

गुप्त, पण कोणापासून?

गुप्तता वाईट नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. नवरा पगार दारूत उडवतो म्हणून तांदळाच्या डब्यात शंभराची नोट लपविणारी बाई काही गुन्हा करत नाही. ती घर वाचवत असते.

पण यंत्राने दिलेली गुप्तता तपासून पाहा. यंत्रावर कॅमेरा असतो. बहुतेक ठिकाणी फोन नंबर मागतात, रक्कम मोठी असेल तर ओळखपत्र मागतात. बिटकॉइनची खातेवही तर जगासाठी उघडी असते. एकदा तुमचे नाव एका पत्त्याशी जोडले गेले की मागचे-पुढचे सारे व्यवहार शोधता येतात. तपासयंत्रणांना पाहिजे तर त्या तुम्हाला शोधू शकतात. मात्र तुम्हाला फसविणारा कुठल्या देशात बसला आहे, हे तुम्हाला शोधता येत नाही. गरिबाच्या वाट्याला आलेली ही गुप्तता अशी उलटी आहे.

आणि तिची किंमत? यंत्रवाले साधारण १० ते २० टक्के कापून घेतात. १५ टक्के धरले तर १०,००० रुपये टाकून हाती ८,५०० रुपयांचे नाणे येते. चिरेखाणीत राबणाऱ्या माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी यंत्राने उभ्या उभ्या गिळली.

अमेरिकेतली हकीकत तर अधिक दुःखाची आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने सांगितले की २०२३ या एका वर्षात अशा यंत्रांमार्फत लोकांची ११ कोटी डॉलरहून अधिक फसवणूक झाली. साठीपुढच्या माणसांत पैसे गमावण्याचे प्रमाण तरुणांच्या तिपटीहून जास्त आढळले. फोन येतो : "तुमचे खाते धोक्यात आहे, पैसे काढा आणि या यंत्रात सुरक्षित ठेवा." म्हातारी माणसे जन्माची कमाई नोटा-नोटांनी यंत्रात सारतात. शेवटची नोट आत गेली की फोन बंद. ज्यांचे नातेवाईक परदेशात आहेत त्यांनी त्यांनाही हे सांगावे.

यंत्र नसले तरी माणूस आहे

कोणी म्हणेल, सिंधुदुर्गात असे यंत्रच नाही, मग भीती कसली? यंत्राचे काम इथे माणूस करतो. तो रोख घेतो आणि तुमच्या फोनवर काही आकडे दाखवतो. ते आकडे खरे नाणे आहे की नुसते चित्र, हे तुम्हाला कळत नाही. पावती नाही, साक्षीदार नाही.

पुण्यातले गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. दरमहा १० टक्क्यांप्रमाणे १८ महिने परतावा मिळेल, असे आमिष लोकांना दाखविले गेले. एकाने दुसऱ्याला आणायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीचेच एमकॅप नावाचे नाणे लोकांच्या हाती ठेवले गेले, त्याला बाजारात किंमत राहिली नाही. २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाजला अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि २०२५ मध्येही छापे चालूच होते. लोकांचे पैसे मात्र अडकले ते अडकले.

तरुणांनी आणखी एका सापळ्यापासून सावध राहावे. "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो," असे सांगणारे भेटतात. कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरवून त्याची नाणी घेतली जातात. पोलीस येतात तेव्हा खाते गोठते आणि चौकशीला जातो आपला मुलगा. कमिशन देणारा तोवर पसार झालेला असतो. नोकरीच्या अर्जापूर्वीच पोरावर गुन्हा दाखल झाला तर सारे घर खचते.

नोंदणी झालेल्या बाजारातही धोका आहेच. वझीरएक्स या भारतीय बाजारातून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ग्राहकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. या नाण्यांना तसा विमा नाही.

बाबासाहेबांनी रुपयाकडे कसे पाहिले

पैसा हा विषय आपल्याला परका नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

उद्या कोणी सांगेल, "बाबासाहेबांनीही नोटा-रुपये काढण्यावर मर्यादा हवी म्हटले होते. बिटकॉइनही २ कोटी १० लाखांच्या पुढे निघणार नाही. मग आपण घ्यायला काय हरकत?" बांधवांनो, अर्धे सत्य ओळखा. बाबासाहेबांना मर्यादा हवी होती ती रुपयाची खरेदीशक्ती टिकावी म्हणून. रुपयाची किंमत घसरली की भाव वाढतात आणि मजुरी मागे राहते, हे त्यांनी जाणले होते. बिटकॉइनची किंमत नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात होती, वर्षभरात ती १६ हजारांच्या आसपास आली. डिसेंबर २०२४ मध्ये तिने एक लाखाचा टप्पा ओलांडला. श्रीमंत माणूस तीन वर्षे थांबू शकतो. ज्याला जूनमध्ये तांदूळ आणि मुलाची फी भरायची आहे, तो कसा थांबेल? त्याच्या दहा हजारांचे अडीच हजार झाले तेव्हाच त्याला विकावे लागते.

चौथा वाटा

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले. एक वाटा उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायचा. जुगार हा संपत्तीच्या नाशाचा मार्ग आहे, हेही त्याच सुत्तात आहे. आपल्या कोकणातली पावसाळ्याची बेगमी म्हणजे हाच चौथा वाटा. त्याचा जुगार करायचा नसतो.

मग लपवून ठेवायची गरज असलेल्या बाईने काय करावे? तिने स्वतःच्या एकटीच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात खाते काढावे. पोस्टाचे आवर्ती खाते थोड्या रकमेतही चालते. बचत गटात पैसे असतील तर दर महिन्याची नोंद स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्यावी. नवऱ्यापासून पैसा लपेल, पण कायद्यापुढे तो तिचाच राहील.

कोणी नाण्याची गोष्ट घेऊन आला तर चार प्रश्न विचारा. तुमची सरकारकडे नोंद आहे काय? लेखी पावती देता काय? माझे पैसे मला कधी आणि कसे परत मिळतील? आणि ही गोष्ट घरात सांगू नको, असे का म्हणता? चौथ्या प्रश्नाला तो अडखळला की उठून दार दाखवा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पहिल्या काही तासांत पैसे अडविण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

एके काळी सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे आपल्या माणसांना वाचता येत नव्हते. कोऱ्या कागदावर अंगठा उठविला जात असे. शिक्षणाने तो अंगठा पुसला आणि आपण सही करू लागलो. आज कोणी "कागदच नको" म्हणून येत असेल, तर तो आपली सहीच काढून घेत आहे. मालकाला पावती नको असेल, पण कष्टकऱ्याला ती हवीच, कारण तक्रार करायला त्याच्या हाती दुसरे काही नसते.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्या. तरुणांनी मोबाईलवरच्या जाहिराती मोठ्यांना वाचून दाखवाव्यात आणि मोठ्यांनी रागे न भरता ऐकावे. जी गोष्ट चारचौघांत बोलली जाते, तिच्यात फसविणाऱ्याला जागा उरत नाही.

जय भीम!