काकूंचा कॉम्प्युटर

यंदा मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाचा डबा पुढे करता करता एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "अरे, तो कॉम्प्युटर परत करता येईल का रे? माझं डोकंच चालत नाही त्यात. ह्यांना कसं सगळं जमायचं!"

काका जाऊन दीड वर्ष झालं. बँक, वीज, विमा, टॅक्स ही सगळी खाती काकांकडे असायची. काकूंकडे घर, मुलं आणि मंडळाचं स्वयंपाकघर. आता मुलं दुसऱ्या गावी आणि टेबलावर पत्रांचा ढीग. बँकेचं काम ऑनलाइन, टॅक्सचं विवरण एल्स्टरवर. २०२२ साली घरमालकांना जमीनकराचे फॉर्म भरावे लागले, आठवतं ना? ते काकांनी भरले होते. काकू मोबाइल सराईतपणे वापरतात, पण तळहाताएवढ्या पडद्यावर पाच पानी जर्मन फॉर्म भरणं आपल्यालासुद्धा जड जातं. म्हणून एक जाहिरात बघून त्यांनी १९९ युरोंचा नवाकोरा छोटा कॉम्प्युटर मागवला होता.

मी जाऊन पाहिलं. काकूंचं डोकं अगदी ठीक होतं, गडबड खोक्यात होती. आत चार गीगाबाइट मेमरी आणि साठवणीला ६४ गीगाबाइटची ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तसली मंद चिप. विंडोज ११ ला किमान एवढं लागतं असं मायक्रोसॉफ्ट सांगते खरं, पण ते 'किमान' म्हणजे दादरला लोकलमध्ये एक पाय ठेवायला जागा मिळाली, तसं. दोन-तीन अपडेट झाल्या की डिस्क भरते. काकू बटण दाबायच्या, काही व्हायचं नाही. पुन्हा दाबायच्या, आणि मग एकदम तीन खिडक्या उघडायच्या. त्यांना वाटायचं, आपलंच चुकलं. जाणकार माणूस मशीन अडलं की मशीनला शिव्या घालतो, नवशिका स्वतःला घालतो. म्हणूनच 'शिकायला काय, कसलाही चालेल' हे आपलं नेहमीचं वाक्य मला अजिबात पटत नाही.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना नव्वदच्या दशकातली खरेदी आठवत असेल. फोबिसचा हायस्क्रीन घ्यायचा की एस्कॉमचा, यावर जेवणाच्या पंगतीत वाद व्हायचे. त्यातली एस्कॉम १९९५ मध्ये कमोडोर विकत घेऊन १९९६ मध्ये दिवाळ्यात गेली. पुढे आल्डीत मेडिऑनचा पीसी यायचा त्या सकाळी दुकान उघडण्याआधीच लोक रांगा लावून उभे असत. तेव्हा एक फायदा होता: आल्डीत एकच मॉडेल असायचं, त्यामुळे निवडायची कटकट नव्हती.

आज मी नवशिक्याला नवा स्वस्त कॉम्प्युटर न सुचवता ऑफिसातून उतरलेला जुना डेस्कटॉप सुचवतो. मोठ्या कंपन्या मशीनं भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर, फुजित्सूचा एस्प्रिमो ही त्यातली नेहमीची नावं. दिसायला ओबडधोबड, पण दिवसभर चालण्यासाठी बांधलेली. ती साफ करून, तपासून 'रीफर्बिश्ड' म्हणून विकली जातात. एटलिंगेनची 'आ-एफ-बे' ही कंपनी २००४ पासून हेच काम करते. तिथे अपंग आणि इतर कामगार बरोबरीने मशीनं दुरुस्त करतात, आणि बऱ्याच शहरांत त्यांची दुकानंही आहेत. दुकानात जाऊन मशीन चालू करून बघता येतं, हे नवशिक्याला फार बरं पडतं.

घेताना मेमरी १६ गीगाबाइट बघा; फारच ताण असेल तर ८. डिस्क एसएसडीच हवी, २५६ गीगाबाइटपासून पुढची. आणि एक आकडा मात्र चष्मा लावून वाचा. इंटेलच्या प्रोसेसरवर आय५-७५०० किंवा आय५-८५०० असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला ७ किंवा ८ म्हणजे पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण आठव्या पिढीपासून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सातव्या पिढीची आणि त्याआधीची मशीनं फार स्वस्तात दिसतात. त्यांवर विंडोज ११ कसंबसं चढवून विकणारेही आहेत. शंभर युरोंचा मोह होतो, पण ज्या मशीनवर बँक उघडायची ते असं नको. जाहिरातीत 'ओने बेट्रीब्ससिस्टेम' लिहिलं असेल तर त्यात विंडोजच नाही, 'बेअरबोन' लिहिलं असेल तर मेमरी आणि डिस्कसुद्धा नाही.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढल्यामुळे नक्की किंमत सांगणं अवघड आहे. काकूंचा आय५-८५०० चा डबा अडीचशेच्या आत बसला. मात्र ऑफिसच्या मशीनमध्ये बहुतेकदा वायफाय नसतं, कारण ऑफिसात केबल असते. एक छोटी यूएसबी काडी लावली की काम होतं, पण हे आधी माहीत हवं. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी हिरमोड. कॅमेरा आणि माइक वेगळा घ्यावा लागतो. मॉनिटर जुना चालेल, पण मशीनला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असा बेबनाव असतो, तेव्हा केबल बघूनच घ्या. पडदा मात्र २४ इंची घ्यावा, तिथे कंजूषपणा नको.

ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. काकूंचे ते चौदा दिवस 'माझंच चुकतंय' म्हणण्यात निघून गेले होते. याशिवाय विक्रेत्यावर 'गेवेअरलाइस्टुंग' ही कायद्याची जबाबदारी असते: नव्या मालाला दोन वर्षं, जुन्या मालाला दुकानदार ती एक वर्षावर आणू शकतो. २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला, तर तो मुळातलाच धरला जातो. तसा नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं. 'गारांटी' ही वेगळी, ती कंपनीने आपखुशीने दिलेली. फळीवरच्या खाजगी जाहिरातीवरून घेतलं तर यातलं बहुधा काहीच मिळत नाही, कारण खाजगी विक्रेता ही जबाबदारी आधीच नाकारू शकतो.

नवं मशीन लागलं, तरी पहिल्याच दिवशी काकूंचा पासवर्ड चालेना. पुन्हा तेच: "बघ, मी म्हटलं नव्हतं?" जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा उलट असतात. मुलाने घाईत मशीनला इंग्रजी कीबोर्ड सांगून ठेवला होता, आणि पासवर्डात झेड होता. सेटिंगमध्ये जर्मन निवडलं, प्रश्न मिटला. मग तिथेच मराठीही जोडलं. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून फुकट आहे. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, देवनागरी उमटते.

मी चहा घेईपर्यंत काकूंनी एल्स्टर, बँक सगळं बाजूला ठेवून सांगलीच्या बहिणीला दोन ओळींचं पत्र लिहिलं होतं. 'ज्ञ' कसा काढायचा, एवढंच विचारलं. टॅक्सचं विवरण आम्ही पुढच्या शनिवारी भरायला घेतलं, आणि काकांनी दरवर्षी लावलेली एक वजावट यंदा राहून जात होती, ती त्यांनीच जुनी फाइल काढून मला दाखवली.