एप्रिलचं ऊन, श्रावणातला गिझर

परतवाड्याहून आलेला वायरमन गच्चीवर चढला, मोबाइलमधलं होकायंत्र उघडून दक्षिण पाहिली आणि माझ्या सिल्व्हर ओककडे बोट केलं. "भाऊ, ही फांदी तोडा लागते." सोलरच्या पाट्या एका माळेत जोडतात, एकीवर सावली आली की साऱ्या माळेला फटका. फांदी गेली.

खरी मेहनत खाली अंगणात होती. अर्थिंगचे तीन खड्डे: एक डीसीचा, एक एसीचा, एक आकाशातल्या विजेसाठी. दीड फुटावर सब्बल काळ्या दगडावर खणखणली. तिसऱ्या खड्ड्यात अर्धा दिवस गेला. "याले चिखलदरा काहून म्हणते?" घाम पुसत त्यानं विचारलं. किचकाची गोष्ट सांगण्याची ती वेळ नव्हती.

५४० वॉटच्या सहा पाट्या बसल्या. 'पीएम सूर्यघर'मध्ये ७८,००० रुपये अनुदान मिळालं, त्याहून जास्त मिळत नाही. पाटीला ऊन हवं, ताप नको. २५ अंशांपुढे तापली की दर अंशामागे तिची ताकद सुमारे ०.३५ टक्क्यानं उतरते. मे महिन्यात अमरावतीची गच्ची भाजते, तेव्हा ११०० मीटरवरची आमची गच्ची फायद्यात.

धास्ती धुक्याची होती. 'माझी वसुंधरा' अभियानात २०२० पासून गावोगावचं काम पंचमहाभूतांवर जोखतात. आमच्याकडे अग्नीचं भांडण जल-आकाशाशी! एप्रिलात दिवसाला तेरा-चौदा युनिटं देणाऱ्या पाट्या जुलैत दोनावर आल्या. दुपारी बाराला दिवे, कपडे चार दिवस ओले, पाहुण्यांची रीघ आणि गिझर अखंड चालू. तरी बिल फुगलं नाही. नेट मीटरचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो, त्यामुळे उन्हाळ्यात ग्रीडला दिलेली जास्तीची युनिटं श्रावणात कामी आली. आर्थिक वर्ष ठरवणाऱ्यानं चिखलदऱ्याचा पावसाळा काढला असावा.

एकदा जंगलात लाइनवर झाड पडलं. गावासोबत आम्हीही अंधारात, गच्चीवर सोलर असून! लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. नाहीतर खांबावरच्या लाइनमनला आमच्याच विजेचा झटका बसायचा. हे शेजाऱ्यांना पटवताना माझ्या नाकीनऊ आले.

आता थंडीत सकाळी वानरं कोवळ्या उन्हात पाट्यांवर येऊन बसतात. मोबाइलवरचा आकडा घसरला की बायको काठी घेऊन गच्चीवर जाते.