गावाचे वॉर्ड कसे पडतात?

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की "तुमचा वॉर्ड कोणता?" असे जो तो विचारतो. पण हे वॉर्ड पाडतात कसे?

आधी शिरगणतीचा आकडा बघतात. माणसे किती, त्यावर पंच किती हे ठरते. दीड हजारापर्यंत वस्ती असली तर 7 पंच, तीन हजारांपर्यंत 9. गाव कितीही मोठे असो, 17 च्या वर पंच नाहीत.

आता हिशेब करू. समजा, गावात 2,700 माणसे आहेत. पंच झाले 9. भागाकार केला की 300 येतात. म्हणजे 300 माणसांमागे एक पंच. एका वॉर्डात तीन पंच घेतले, तर वॉर्डात 900 माणसे हवीत. असे तीन वॉर्ड. अगदी 900 कुठे जुळणार? थोडे कमीजास्त व्हायचेच. पण एका वॉर्डात 600 आणि दुसऱ्यात 1,200 घातली तर? पंच दोन्हीकडे तीनच! मग मोठ्या वॉर्डातल्या माणसाचे मत निम्म्या मोलाचे झाले, नाही का?

हद्द धरतात ती रस्ता, ओढा, नदी अशा ठळक खुणांवर. तलाठी, ग्रामसेवक गावात फिरतात, नकाशा करतात. मग तहसील कचेरीकडून कच्चा आराखडा चावडीवर लागतो. हरकत घ्यायला थोडेच दिवस असतात.

इथेच आम्ही एकदा चुकलो. ओढ्यापलीकडची आमची वस्ती अलीकडच्या वॉर्डात घातली होती. आम्ही तो कागद स्वतः वाचला. पुढारी मंडळी बघतील म्हणून गप्प बसलो. मतदान आले नेमके पावसाळ्यात. ओढ्याला पाणी. म्हाताऱ्या बायका काठावरूनच परत फिरल्या. मागून चौकशी केली, तर हरकतीचा एकही अर्ज गेला नव्हता.

राखीव जागांचे निराळे. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कोणत्या वॉर्डात कोणती, याची सोडत ग्रामसभेत निघते. तिथे बायकांनी जरूर बसावे. जिल्हा परिषदेसाठी तालुक्याचे गट पडतात आणि एका गटाचे दोन गण, ते पंचायत समितीसाठी.

हरकत तोंडी चालत नाही. साध्या कागदावर लिहा: आमची वस्ती अमुक, हद्द अमुक ठिकाणी चुकली, ती तमुक वॉर्डात घ्यावी. खाली सह्या करा. अर्ज मुदतीत तहसील कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.