फाउंटन पेन : निब व शाई यांची निवड

फाउंटन पेन (झरणी) म्हणजे स्वतःच्या पोटात शाईचा साठा असलेले व ती निबेच्या टोकाशी सतत व मोजक्या प्रमाणात पुरविणारे लेखनसाधन होय. बोरू किंवा टाक दौतीत वारंवार बुडवावा लागतो; झरणीत ही गरज उरत नाही. तथापि शाईचा प्रवाह लेखकाच्या हातून सुटून उपकरणाच्या स्वाधीन होत असल्यामुळे निब, शाई व कागद यांचा परस्परांशी मेळ बसणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. नवे पेन घेताना बहुधा बाह्यरूपाकडे व किंमतीकडे लक्ष दिले जाते. प्रत्यक्षात लेखन वाचनीय राहील की नाही व किती काळ टिकेल, हे निबेची रुंदी व शाईचा प्रकार यांवर अवलंबून असते. मराठी लेखनाच्या बाबतीत देवनागरी अक्षरांची घडण आणि प्रदेशाचे हवामान या दोन गोष्टींचाही विचार करावा लागतो.

निबेची रचना व कार्य : निबेला मध्यभागी एक बारीक चीर असते. चिरेमुळे टोकाचे दोन पाय होतात. चीर जेथे संपते तेथे बहुतेक निबांना एक छिद्र ठेवलेले असते. निबेच्या खाली एबोनाइटाची किंवा प्लॅस्टिकची ‘जीभ’ असते. जिभेवरील अरुंद खाचांतून शाई केशाकर्षणाने पुढे सरकते व तितकीच हवा उलट दिशेने साठ्यात शिरते. हवा व शाई यांची ही देवघेव नियमित चालली, तरच लेखन अखंड होते. ल्यूइस वॉटरमन यांनी अमेरिकेत १८८४ मध्ये एकस्व मिळविलेल्या पेनात जिभेच्या खाचांची योजना करून हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला आणि झरणी व्यवहारात रुळली.

निबा मुख्यतः अगंज पोलादाच्या किंवा १४ वा १८ कॅरट सोन्याच्या मिश्रधातूच्या असतात. सोन्याचा मूळ उपयोग शोभेसाठी नव्हता. जुन्या अम्लीय शायांमुळे साधे पोलाद गंजत असे, सोन्यावर मात्र त्यांचा परिणाम होत नसे. अगंज पोलाद प्रचारात आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. कागदावर प्रत्यक्ष घासला जाणारा भाग सोन्याचा किंवा पोलादाचा नसतो, तर इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा लहानसा मणी तेथे जोडलेला असतो. म्हणून निब टिकाऊ व गुळगुळीत आहे की नाही, हे या मण्याच्या घडणीवर व दोन्ही पाय एका पातळीत असण्यावर ठरते. निब सोन्याची असणे हे चांगल्या लेखनाचे गमक मानता येत नाही.

निबेची रुंदी व देवनागरी लिपी : निबा अतिबारीक, बारीक, मध्यम व रुंद अशा प्रकारांत मिळतात. त्यांनी उमटणाऱ्या रेषेची जाडी स्थूलमानाने अनुक्रमे ०·४, ०·६, ०·८ व १ मिमी. असते, परंतु यासाठी सर्वमान्य माप नाही. जपानी बनावटीची निब त्याच नावाच्या यूरोपीय निबेपेक्षा सामान्यतः बारीक असते. त्यामुळे नावावर न जाता निब लिहून पाहणे आवश्यक असते.

रोमन लिपीतील लेखनासाठी सोयीची असलेली निब देवनागरीसाठी सोयीची असेलच असे नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व ऋकार येतात. जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकाच अक्षराच्या जागेत बसवावी लागतात. शिवाय ‘घ’ व ‘ध’ तसेच ‘भ’ व ‘म’ या जोड्यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेजवळच्या लहानशा मोकळ्या जागेवर अवलंबून असतो. निब रुंद व शाई पातळ असल्यास ही जागा भरून जाते; ‘भार’चा ‘मार’ व ‘धन’चा ‘घन’ होतो. अंकांतही ‘१’ व ‘९’ यांच्या गाठी भरल्यास घोटाळा संभवतो. हिशेबाच्या वह्या, दस्तऐवज, औषधांच्या चिठ्ठ्या व उत्तरपत्रिका यांत अशा चुकीचे परिणाम गंभीर असू शकतात. यास्तव नेहमीच्या आखीव वहीत लहान अक्षर काढणाऱ्यास अतिबारीक किंवा बारीक निब, मोठे व सुटे अक्षर काढणाऱ्यास मध्यम निब योग्य ठरते. रुंद निब स्वाक्षरी, शीर्षके व पाकिटावरील पत्ते यांपुरती राखणे इष्ट होय.

शिरोरेषेमुळे आणखी एक अडचण उद्भवते. पुष्कळ लेखक शब्द पूर्ण झाल्यावर डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढतात. त्या वेळी निब ओल्या दंडांच्या माथ्यांवरून जाते आणि शाई लवकर सुकणारी नसेल, तर शिरोरेषा फराटते. डावखुऱ्या व्यक्तीच्या बाबतीत निब ओढली न जाता पुढे ढकलली जाते. टोकदार मण्याची निब अशा वेळी कागदात रुतते. तिच्यासाठी गोलसर मण्याची निब व लवकर सुकणारी शाई सोयीची असते.

बोरूने लिहिलेल्या अक्षरातील जाड-बारीक रेषांचे सौंदर्य गोल मण्याच्या निबेने साधत नाही. त्यासाठी सपाट टोकाच्या निबा मिळतात. मात्र देवनागरीसाठी वापरावयाच्या बोरूचा तिरपा छाट रोमन सुलेखनाच्या लेखणीच्या छाटाच्या उलट दिशेचा असतो. परदेशी सुलेखन-निबांनी देवनागरी लिहिताना जाडी नको तेथे येते, ती या कारणाने.

शाईचे प्रकार : झरणीच्या शाया तीन वर्गांत मोडतात. (१) रंजकाधारित शाई : पाण्यात पूर्णपणे विरघळणाऱ्या रंजकांपासून ही बनवितात. ती पेनात साचत नाही व सहज धुतली जाते. परंतु पाण्याने पसरते व प्रकाशाने फिकी होते. शाळकरी मुलांची धुऊन जाणारी निळी शाई या वर्गातील होय. (२) लोह-टॅनीन शाई : हिराकस (फेरस सल्फेट) व मायफळ, हिरडा यांसारख्या तुरट द्रव्यांतील टॅनीन यांच्या संयोगाने ही तयार होते. लिहिताना ती फिकी दिसते, म्हणून तीत निळे रंजक मिसळतात. कागदावर हवेतील ऑक्सिजनाने तिचे ऑक्सिडीकरण होऊन काळे अविद्राव्य संयुग बनते व ते कागदाच्या तंतूंत पक्के बसते. ‘निळी-काळी’ शाई हे नाव या बदलावरून पडले. मात्र आज या नावाने मिळणारी प्रत्येक शाई लोहयुक्त असतेच असे नाही. (३) रंगद्रव्ययुक्त शाई : काजळीचे किंवा इतर रंगद्रव्यांचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवून ही बनवितात. ती पाण्यास व प्रकाशास दाद देत नाही. परंतु पेनात सुकल्यास काढणे कठीण जाते.

भारतीय मानकांत लोह-टॅनीन (फेरो-गॅलो टॅनेट) शाई व रंजकाधारित शाई यांसाठी स्वतंत्र विनिर्देश आहेत. पूर्वीच्या वर्गातील झरणीच्या शाईत लोहाचे प्रमाण ०·१ टक्का धरले आहे. हे प्रमाण टाकाच्या जुन्या शाईच्या मानाने पुष्कळच कमी असून पेन खराब होऊ नये हा त्यामागील हेतू आहे.

टिकाऊपणाचा इतिहास : शाईच्या निवडीचे दूरगामी परिणाम वसईच्या परिसरात चांगले समजून घेता येतात. या भागावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला. त्या काळच्या यूरोपीय कचेऱ्यांतून लोह-टॅनीन शाई वापरात होती, तर मराठ्यांचे मोडी कागद काजळ व डिंक यांपासून केलेल्या शाईने बोरूने लिहीत. एकाच भूमीवर कारभाराबरोबर लेखनाची लिपी, साधन व शाई ही तिन्ही बदलली. लोह-टॅनीन शाईतील अम्लामुळे कालांतराने कागद ठिसूळ होतो व दाट लेखनाच्या जागी त्यास भोके पडतात. दमट हवेत ही क्रिया अधिक जलद होते. उलट काजळी रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असल्याने मोडी कागदांवरील अक्षरे आजही काळीभोर दिसतात. पाणी लागल्यास मात्र डिंक सुटून ती पुसट होतात. काजळीची ही पारंपरिक शाई किंवा चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई झरणीत घालू नये. तिच्यामुळे जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात.

झरणीसाठी स्वदेशी शाई करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर व गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी १९३१ मध्ये ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड व वड्या यांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर आलेली त्यांची ‘कॅमल’ शाई महाराष्ट्रातील शाळा-कचेऱ्यांतून सर्वपरिचित झाली. पुढे कॅम्लिन या नावाने वाढलेल्या या उद्योगाने तारापूर (आता पालघर जिल्हा) येथेही कारखाना उभारला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो या कंपनीने तीत बहुसंख्य भाग घेतले. बंगालमधील ‘सुलेखा’ शाई व राजमहेंद्री येथील ‘रत्नम्’ पेने ही याच स्वदेशी परंपरेतील होत. बॉलपेनाच्या प्रसारानंतर झरणीचा दैनंदिन वापर घटला. तरी ती प्रचारातून गेलेली नाही.

हवामान व कागद : वसई तालुक्यातील राजोडीसारख्या समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. कागद ही आर्द्रता शोषून घेतो, त्याच्या खळीचा प्रतिकार कमी होतो आणि शाई तंतूंच्या वाटेने पसरून अक्षरांना केसाळ कडा येतात. उन्हाळ्यात स्वच्छ उमटणारी मध्यम निब त्याच वहीत श्रावणात रुंद निबेसारखी लिहू लागते. शाई सुकण्यासही अधिक वेळ लागतो. उघड्या दौतीत बुरशी धरते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी बारीक निब व कमी वाहणारी शाई घ्यावी, टीपकागद जवळ ठेवावा आणि शाईची लहान बाटली घेऊन ती लवकर संपवावी. बाटलीत तंतू किंवा साय दिसल्यास शाई टाकून द्यावी.

विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात परिस्थिती उलट असते. निबेवरील पाणी उडून जाऊन टोक सुकते व पहिला फराटा उमटत नाही. तेथे मध्यम निब, सढळ वाहणारी शाई व घट्ट बसणारे टोपण असलेले पेन हितावह असते. ज्या पेनात शाई थेट नळीत भरतात, त्यात साठा कमी झाल्यावर हाताच्या उष्णतेने आतील हवा प्रसरण पावते व निबेवर शाईचा थेंब येतो. असे पेन निम्म्याहून अधिक रिकामे होण्यापूर्वीच भरणे चांगले.

निब व शाई यांचा मेळ : शाईचा प्रवाह तिच्या पृष्ठताणावर व श्यानतेवर अवलंबून असतो. सढळ शाई देणाऱ्या निबेस कमी वाहणारी शाई व आखडून लिहिणाऱ्या निबेस सढळ वाहणारी शाई जोडली असता बहुतेक पेने समाधानकारक चालतात. रोजच्या टिपणांसाठी बारीक निब व रंजकाधारित शाई पुरेशी असते. खरेदीखत, मृत्युपत्र, नोंदवही किंवा धनादेश यांसाठी झरणी वापरावयाची झाल्यास धुऊन जाणारी निळी शाई टाळून लोह-टॅनीन किंवा रंगद्रव्ययुक्त शाई घ्यावी. नवशिक्या मुलास पोलादाची बारीक वा मध्यम निब व धुऊन जाणारी शाई द्यावी, म्हणजे पेन व कपडे दोन्ही सुरक्षित राहतात.

नव्या पेनाची परीक्षा व निगा : निबेचे दोन्ही पाय समपातळीत आहेत किंवा नाहीत, ते भिंगातून पाहावे. नंतर स्वतःच्या नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या गतीने व दाब न देता पाच-सहा ओळी लिहाव्यात. नुसत्या रेघोट्या मारून दोष कळत नाहीत. ‘घ’, ‘ध’, ‘भ’, ‘म’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ठ’ ही अक्षरे लिहून त्यांतील मोकळ्या जागा शाबूत राहतात का, हे पाहावे. अक्षर तुटत असेल अथवा एका बाजूला निब खरखरत असेल, तर ती बदलून घ्यावी. दाब देऊन लिहिल्याने प्रवाह तात्पुरता वाढतो, पण पाय कायमचे फाकतात.

निर्मितीच्या वेळचे तेल राहिलेले असते, म्हणून पहिल्या वापरापूर्वी पेन साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने धुवावे. एबोनाइटाच्या पेनास गरम पाणी लावू नये. त्याचा रंग विटतो. दोन शाया एकत्र करू नयेत. एक अम्लीय व दुसरी क्षारकीय असल्यास साका बसून खाचा बुजतात. म्हणून शाई बदलताना पेन धुणे आवश्यक असते. रंजकाधारित शाईचे पेन महिन्या-दोन महिन्यांनी आणि लोह-टॅनीन किंवा रंगद्रव्ययुक्त शाईचे पेन दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावे. वापर थांबवावयाचा असल्यास पेन रिकामे करून व वाळवून ठेवावे.