दोन अंक जास्त थंड

काकांनी कॉइल उपसल्या, लांब पान्याने चारही प्लग सोडवले आणि सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. सगळे काळे. तीन प्लगवर कोरडी काजळी, चौथा पेट्रोलने ओला. बॅटरी नवी, सेल्फ जोरात फिरत होता. तरी काकांच्या वारज्यातल्या गॅरेजात डिसेंबरच्या सकाळी ही टर्बो पेट्रोल हॅचबॅक काही केल्या पेटत नव्हती. मालकाने रीमॅप करून शंभराच्या आसपासची ताकद एकशेचाळीसवर नेली होती आणि त्याच वेळी एनजीके कंपनीच्या सहा अंकी प्लगच्या जागी आठ अंकी, म्हणजे उष्णता श्रेणीत दोन अंक थंड, बसवले होते.

“नवे बसवले तेव्हा कशी उठायची?” काकांनी विचारलं.

“पहिल्या सेल्फला. आठवड्याभराने त्रास सुरू झाला.”

“रोज चालवतोस किती?”

“ऑफिसपर्यंत, काका. चार किलोमीटर.”

मला वाटतं, दुखणं त्या चार किलोमीटरमध्येच होतं. थंड प्लगची ठिणगी कमजोर नसते. फरक असतो तो टोकाभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकात. ते आखूड असलं की उष्णता झटकन प्लगच्या धातूत आणि तिथून सिलिंडर हेडमध्ये उतरते. टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनाला हे हवंच असतं. टोक 800 अंश सेल्सिअसच्या बरंच वर गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच ते मिश्रण पेटवू लागतं आणि पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं.

वरच्या मर्यादेची धास्ती सगळ्यांना असते. खालच्या मर्यादेकडे फारसं कुणी बघत नाही. टोक साधारण 450 अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. सिग्नल, पुन्हा सिग्नल, मग पार्किंग, असा प्रवास असला की आखूड नाक तिथवर पोहोचतच नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. कॉइलने धाडलेले हजारो व्होल्ट गॅप ओलांडून उडी मारण्याऐवजी काजळीवरून सरकत प्लगच्या अंगात निघून जातात.

धावत्या इंजिनात हे काही काळ खपून जातं. सकाळी मात्र सेल्फ ओढायला लागला की बॅटरीचा व्होल्टेज उतरतो, कॉइलला कमी ताकद मिळते आणि थंड इंजिन बघून ईसीयू पेट्रोल सढळ सोडतो. ठिणगी चुकली की तेच पेट्रोल प्लगला भिजवतं. माणूस घाबरून पुन्हा सेल्फ मारतो, आणि प्लग आणखी भिजतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि आत नुसती हवा जाते.

प्लग निवडताना लोक फक्त कमाल ताकद बघतात, हे मला पटत नाही. एनजीकेचाच ठोकताळा 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढली तर एक अंक थंड असा आहे. इंजिन लहान असल्याने इथे एक अंक समजण्यासारखा होता. दुसऱ्याला कारण नव्हतं. आकड्यांतही गफलत होते: एनजीके आणि डेन्सोत अंक वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट.

काकांनी इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून, प्लगविना इंजिन फिरवून साचलेलं पेट्रोल बाहेर उडवलं. मग सात अंकी इरिडियम प्लग घेतले. फीलर गेजने गॅप तपासला, 0.8 मिलिमीटरचा 0.7 केला; वाढलेल्या दाबात रुंद गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतो. वाकवली ती फक्त बाहेरची पट्टी. मधल्या सुईसारख्या टोकावर त्यांनी गेजचा जोर पडूसुद्धा दिला नाही, कारण ते तुटलं की प्लग गेला. दुसऱ्या सेल्फला इंजिन उठलं. क्षणभर मिस मारलं, मग स्थिरावलं.

मालकाला ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीत उतरायचं होतं, म्हणून तर आठ अंकी प्लग. काकांनी ते फेकायला सांगितलं नाही. साफ करून डिकीत ठेव, तिथे पोहोचल्यावर बदल आणि परतताना पुन्हा सात अंकी लाव, असं ते म्हणाले. फक्त इंजिन निवल्याशिवाय प्लगला पाना लावायचा नाही. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग सोडवला तर त्याच्याबरोबर आटेही निघून येऊ शकतात.