प्रिंटर स्वस्त, पान महाग

प्रिंटरच्या खोक्यावर छापलेली किंमत ही त्या यंत्राची पूर्ण किंमत नसते. उरलेली किंमत तुम्ही पुढची तीन-चार वर्षे शाईच्या रूपाने भरत राहता, आणि पुष्कळदा ती खोक्यावरच्या आकड्यापेक्षा मोठी होते. म्हणून प्रिंटर घेण्याआधी दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न "केवढ्याला?" हा नसून "एका पानाला किती पडेल?" हा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, विमानतळावरच्या नोकरीमुळे डमडमला बदलून आलेले चौघांचे कुटुंब आहे. नागेरबाजारात भाड्याचे घर, एक मूल सातवीत, एक दहावीत. शाळेचे प्रकल्प, शिकवणीच्या नोट्स, सरावाच्या प्रश्नपत्रिका, शिवाय अधूनमधून बँकेचे आणि ऑफिसचे कागद. घरखर्च, भाडे आणि गावी पाठवायचे पैसे वजा जाता महिन्याला दीड हजार रुपये मागे पडतात. अशा घरासाठी 12,000 रुपयांचा प्रिंटर म्हणजे आठ महिन्यांची बचत. निर्णय चुकला तर ती बचत टेबलावर धूळ खात पडते.

या घराने आधी एक महिना पाने मोजावीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवरच रोजचा आकडा लिहिला तरी चालेल: काळी किती, रंगीत किती. परीक्षेचा महिना आणि सुटीचा महिना यांत फार फरक पडतो, तेव्हा दोन्हींचा अंदाज घेऊन मध्यम आकडा काढावा. आपल्या उदाहरणात तो 60 पाने धरू, 50 काळी आणि 10 रंगीत. पुढचे सगळे भाव केवळ हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी तुमच्या दुकानाचे भाव घाला, रीत तीच राहील.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळे पान 3 रुपये आणि रंगीत 10 रुपये असेल, तर महिन्याचा खर्च 250 रुपये आणि तीन वर्षांचा 9,000. सरासरी काढली तर पानामागे 4 रुपये 17 पैसे.

आता घरचे पर्याय पाहू. सर्वांत स्वस्त दिसतो तो कार्ट्रिजचा इंकजेट. समजा, तो 4,000 रुपयांना मिळाला. त्याची 800 रुपयांची काळी कार्ट्रिज 160 पाने छापते, म्हणजे पानाला 5 रुपये. रंगीत कार्ट्रिज 1,050 रुपयांची आणि पाने 150, म्हणजे 7 रुपये. कागदाची 500 पानांची रिम 300 रुपयांना धरली तर पानाला 60 पैसे आणखी. तीन वर्षांची 2,160 पाने छापून झाल्यावर एकूण खर्च जातो सुमारे 16,800 रुपयांवर.

इथे जरा थांबून बघा. या यंत्रावर एक पान सरासरी 5 रुपये 90 पैशांच्या पुढे पडते, आणि दुकानात 4 रुपये 17 पैशांना मिळते. म्हणजे मूळचे 4,000 रुपये कधीच वसूल होणार नाहीत. इतकेच नव्हे, जितकी जास्त पाने छापाल तितका तोटा वाढेल. "मुले मोठी होतायत, प्रिंट वाढतील, तेव्हा छोटा तरी घेऊन ठेवू" या विचारात नेमकी हीच खोच आहे. कंपन्यांचे गणित असेच बांधलेले असते: यंत्र कमी नफ्यात विकायचे आणि कमाई शाईवर करायची. दाढीचे हँडल स्वस्त आणि पाती महाग, तोच प्रकार. खोक्यात मिळणारी पहिली कार्ट्रिजही अनेकदा पूर्ण भरलेली नसते, त्यामुळे पहिला धक्का अपेक्षेपेक्षा लवकर बसतो.

बाहेरची स्वस्त कार्ट्रिज वापरू म्हटले, तर काही यंत्रे चिप तपासून ती नाकारतात. ही अट ग्राहकाला नीट सांगितली नाही म्हणून डिसेंबर 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एचपी कंपनीला 1 कोटी युरोचा दंड केला होता. आपण खोक्यावरचा बारीक मजकूर आधीच वाचावा, हे त्याहून सोपे.

दुसरा पर्याय इंक टँकचा. यात कार्ट्रिज नसते, बाटलीतून शाई टाकीत ओततात. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर या चारही कंपन्यांची अशी यंत्रे बाजारात आहेत. यंत्र महाग, साधारण तिप्पट, पण एका काळ्या बाटलीत हजारो पाने निघतात. 12,000 रुपयांचे यंत्र, शाई आणि कागद मिळून पानाला 75 पैसे, आणि डोके साफ करण्यात वाया जाणाऱ्या शाईसाठी तीन वर्षांचे 500 रुपये धरा. आपल्या कुटुंबाचा तीन वर्षांचा खर्च येतो 14,100 रुपयांच्या आसपास. कार्ट्रिजपेक्षा कमी, पण दुकानापेक्षा पाच हजारांनी जास्तच.

मग टँक केव्हा परवडतो? दुकानातले पान 4.17 रुपये, घरचे 0.75, म्हणजे प्रत्येक पानामागे 3 रुपये 42 पैसे वाचतात. यंत्राचे आणि सफाईचे 12,500 रुपये भरून निघायला सुमारे 3,650 पाने लागतात. तीन वर्षांत ती छापायची तर महिन्याला शंभर पाने हवीत. यंत्र पाच वर्षे नीट चालले तर साठ पानांतही भागते. तुमचा आकडा शंभराच्या वर असेल तर निःशंक घ्या, तिसाच्या खाली असेल तर दुकानच बरे. मधल्या घरांनी बाकीच्या गोष्टी बघून ठरवावे.

तिसरा पर्याय काळ्या छपाईचा लेसर. यंत्र 11,000, टोनर 3,000 रुपयांना 1,500 पाने, आणि रंगीत पानांसाठी दुकान ठरलेलेच. आपल्या उदाहरणात हा खर्च एकोणीस हजारांच्या पुढे जातो. तरी लेसर बाद नाही. घरी शिकवणी घेणाऱ्या बाईंना किंवा वकिलीचे कागद काढणाऱ्याला रंग लागत नाही, पाने मात्र भरपूर लागतात. आणि टोनर ही कोरडी भुकटी असल्याने ती वाळत नाही. महिनाभर घर बंद राहिले तरी परत आल्यावर पहिलेच पान स्वच्छ येते.

ही वाळण्याची गोष्ट आपल्या कुटुंबाला लागू पडते. मे महिन्यात किंवा पूजेच्या सुटीत गीतांजली एक्स्प्रेस पकडून सगळे गावी जातात, आणि इंकजेटच्या डोक्यातल्या बारीक छिद्रांत शाई सुकते. मग सफाईचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा चालवावा लागतो आणि त्यात शाईच खर्च होते. आठवड्यातून एक रंगीत पान छापत राहणे हा साधा उपाय. प्रिंटर बंद करताना यंत्राच्या बटणानेच बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. बटणाने बंद केला की डोके झाकणाखाली जाऊन बसते. कोलकात्याच्या पावसाळ्यात कागदही ओल धरतो आणि आत अडकतो, तेव्हा उघडी रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी.

बदलीच्या नोकरीत आणखी एक अडचण येते. टँकमध्ये शाई भरलेली असते, त्यामुळे प्रिंटर आडवा झाला तर ती आत सांडते. सामान बांधताना वाहतुकीचे कुलूप असेल तर ते लावावे, बाटल्यांची आणि टाक्यांची झाकणे घट्ट बसवावीत आणि खोके सरळ उभेच जाईल असे बघावे. ज्यांची बदली वर्षभरात ठरलेली आहे, त्यांनी खरेदी नव्या गावी जाऊन केलेली बरी.

किमती पाहायला डमडमहून चांदनी चौक गाठणे सोपे आहे. थेट मेट्रो आहे, डमडमनंतरचे सातवे स्टेशन. तिथे तीन-चार दुकानांत एकाच मॉडेलची चौकशी करा. "दादा, पार पेज कोतो पोरबे?" एवढे बंगाली पुरते, दुकानदार खूश होतो आणि आकडाही सांगतो. शाईच्या बाटलीची किंमत आणि ती किती पाने देते हे दोन आकडे तिथेच लिहून घ्या आणि भागाकार स्वतः करा. पानांचा आकडा ठरावीक चाचणी-मजकुरावर काढलेला असतो. पानभर रंगीत चित्र छापले तर तो निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

याच बाजारात जुने लेसरही मिळतात. कॅननचा एलबीपी 2900 आणि एचपीचा 1020 ही दोन नावे भारतातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला पाठ आहेत, कारण त्यांचे टोनर थोडक्यात भरून मिळते. किंमत मोहात पाडणारी असते. मात्र ही यंत्रे वायरनेच चालतात, मोबाइलवरून थेट छापत नाहीत, आणि नव्या संगणकावर त्यांचा ड्रायव्हर बसेलच असे नाही. आपला लॅपटॉप सोबत नेऊन दुकानातच दहा पाने छापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैसे कसे द्यायचे, हाही हिशेबाचाच भाग आहे. "नो कॉस्ट ईएमआय" या शब्दांवर भाळू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. बहुधा रोखीने मिळणारी सूट तुमच्या हातून जाते आणि तीच व्याज म्हणून कापली जाते. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी. त्यापेक्षा बँकेत महिना 1,000 रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, तर 6 टक्के दराने वर्षाअखेर 12,000 मुद्दल आणि सुमारे 390 रुपये व्याज हाती येते. त्या वर्षभरात पाने मोजण्याचे कामही आपोआप होते.

दुकानातून छापणाऱ्यांनी एक जपावे, आणि हे पैशांपेक्षाही महत्त्वाचे आहे. आधार, पॅन किंवा खात्याचा उतारा आपण सहज दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. पान आपण घेऊन येतो, पण फाइल त्याच्या संगणकात आणि मोबाइलमध्ये राहते. आधारची प्रत चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार वापरा. प्रतीवर ती कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते पेनाने लिहा. पेन ड्राइव्हमध्ये फक्त तेवढीच फाइल न्या आणि छापल्यावर ती त्याच्या संगणकावरून समोरच पुसायला सांगा. दुकानाच्या संगणकावर नेट बँकिंग किंवा ईमेल उघडू नका. ज्यांना असे कागद दर आठवड्याला लागतात, त्यांच्यासाठी घरचा प्रिंटर पानांच्या हिशेबात थोडा महाग पडला तरी घेण्यासारखा आहे, असे माझे मत. अर्थात आधी तो कागद छापायलाच हवा का, हे विचारावे. डिजिलॉकरमधली कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची आहेत, आणि रेल्वेचे ई-तिकीट मोबाइलवर दाखवले तरी चालते.

खरेदी ठरलीच तर वॉरंटीची ओळ नीट वाचा. टँकच्या यंत्रांवर ती पुष्कळदा "एक वर्ष किंवा अमुक हजार पाने, जे आधी होईल ते" अशी असते. कंपनीचा माणूस घरी येणार की यंत्र उचलून सेवा केंद्रात न्यायचे, हे विचारा. भलतीच शाई भरल्याने डोके बिघडले तर दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, तेव्हा त्यावर जीएसटी वेगळा मागितला तर देऊ नका. यंत्राचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, कारण बिलाची शाई पुसट होते.

तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. बदली होऊन तुम्ही डमडमहून नाशिकला किंवा नागपूरला गेला असाल, तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. त्यासाठी कोलकात्याला परत यावे लागत नाही, चांदनी चौकातले बिल मात्र जवळ हवे.